भाडेकरू मुदतीआधी घर सोडतोय: कोकणातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

रत्नागिरीत माझे दोन ब्लॉक भाड्याने आहेत. मुंबईत राहणाऱ्या चुलत्यांचं दापोलीजवळचं घरही मीच बघते. त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच: "अकरा महिन्यांचा करार केला आणि चौथ्या महिन्यात निघाला, आता काय करू?" तेच प्रश्न आणि त्यांची मी देते ती उत्तरं इथे मांडली आहेत. राहत्या घरांपुरतंच लिहिलं आहे, दुकानगाळ्यांचं गणित वेगळं असतं. रक्कम मोठी असेल किंवा प्रकरण कोर्टाच्या वाटेवर असेल, तर आपला करार घेऊन वकिलांकडे जा.

भाडेकरूचा फोन आला, "पुढच्या आठवड्यात जागा सोडतोय." सगळ्यात आधी काय करायचं?

फोनवर भांडू नका आणि फोनवर "बरं" सुद्धा म्हणू नका. आपल्याकडे संकोचापोटी "ठीक आहे, बघू या" असं तोंडातून निघून जातं. पुढे समोरचा म्हणतो, मालकांनी तर परवानगी दिली होती. "तारीख आणि कारण लिहून पाठवा, करार बघून कळवते," एवढंच बोला. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, सहीचं पत्र असेल तर उत्तम.

मग करार काढा आणि तीन कलमं शोधा: लॉक-इन (म्हणजे ज्या मुदतीत घर सोडायचं नाही असं ठरलेलं असतं) किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कशातून कापता येईल. बहुतेकांनी सही केल्यापासून तो कागद उघडलेलाच नसतो. कलमं सापडली की त्याच दिवशी लेखी उत्तर द्या. माझा क्रम ठरलेला आहे: आधी ताबा, मग हिशेब, आणि वाद उरलाच तर सगळ्यात शेवटी. जाणाऱ्या माणसाला अडवून धरण्यात काही मिळत नाही. घर मोकळं, स्वच्छ आणि कागदावर आपल्या ताब्यात आलं, तर नुकसान तिथेच थांबतं.

आमच्या कागदावर 'लीव्ह अँड लायसन्स' लिहिलंय. ते आणि भाडेपट्टा एकच ना?

बोलताना आपण दोन्हींना भाडेकरारच म्हणतो, कायद्यात मात्र फरक आहे. लीव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही जागा वापरण्याची परवानगी देता, जागेत हक्क देत नाही. ही व्याख्या १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२मध्ये आहे. भाडेपट्ट्यात जागेचा हक्क भाडेकरूकडे जातो. कोकणातले आजचे बहुतेक ११, २२ किंवा ३६ महिन्यांचे कागद लायसन्सचे असतात. खाली मी 'भाडेकरू' आणि 'भाडं' हेच शब्द वापरले आहेत, कारण घरात आपण तेच बोलतो.

लॉक-इन सहा महिन्यांचं होतं, तो चार महिन्यांत गेला. उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं सरळ कापून घेऊ का?

करारात तसं लिहिलं असेल तर मागता येईल. पण मागितलं तेवढं सगळं मिळेलच असं नाही, आणि बहुतेक गैरसमज इथेच होतात.

१८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की, करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम कागदावर ठरवलेली असली, तरी कोर्ट त्या रकमेच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाई देतं. म्हणजे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा झाली, हातात पडणारा आकडा त्याहून कमी असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलासनाथ असोसिएट्सच्या निकालात अनामत रक्कम जप्त करण्याच्या संदर्भात हेच स्पष्ट केलं: नुकसानच झालं नसेल तर भरपाई मागता येत नाही. कलम ७३ आणखी एक गोष्ट बघायला सांगतं. नुकसान कमी करण्याचे जे मार्ग तुमच्या हातात होते, ते तुम्ही वापरलेत का? घर कुलूपबंद ठेवून दोन महिने नुसतं भाडं मोजत बसलात, तर ते तुमच्या विरुद्ध जातं.

आकड्यांत सांगते. भाडं ९,००० रुपये, डिपॉझिट ३६,००० रुपये, लॉक-इन सहा महिने. भाडेकरू १ डिसेंबरला आला आणि ३१ मार्चला गेला. लॉक-इन ३१ मेपर्यंत होतं, म्हणजे कागदावर १८,००० रुपये निघतात. तुम्ही लगेच बोर्ड लावला, चार जणांना सांगितलं आणि १ मेपासून त्याच भाड्यात नवा भाडेकरू मिळाला. रिकामा गेला तो एप्रिल, ९,००० रुपयांचा. शेवटचं वीजबिल १,३४० रुपये, फुटलेली काच आणि नळ मिळून ८५० रुपये. एकूण वजावट ११,१९०. भाडेकरूला परत द्यायचे २४,८१० रुपये. असा हिशेब एका कागदावर लिहून समोर ठेवला की, माझ्या अनुभवात, दहातले आठ जण काही न बोलता सही करतात.

हल्ली अजून एक प्रकार दिसतो. भाडेकरू एप्रिलमध्ये गेला, मालकाने मे महिन्यात तेच घर पर्यटकांना दिवसाच्या दराने दिलं, भाड्याच्या दुप्पट पैसे मिळवले आणि वर मे महिन्याचं भाडंही डिपॉझिटमधून कापलं. हे बरोबर नाही. घरातून कमाई झाली असेल तर त्या दिवसांचं नुकसान तुम्हाला झालेलंच नाही.

लॉक-इनचं कलमच नाही, फक्त एक महिन्याची नोटीस लिहिली आहे.

मग प्रश्न सोपा आहे. दहा दिवस आधी सांगितलं असेल तर उरलेल्या वीस दिवसांचं भाडं मागा. त्यातही नवा माणूस लगेच राहायला आला तर तेवढे दिवस वगळा.

डिपॉझिटमधून नक्की काय काय कापता येतं?

थकलेलं भाडं, थकलेली बिलं, नोटीस किंवा लॉक-इनपोटीचं खरं नुकसान आणि वापराने नव्हे तर हयगयीने झालेली मोडतोड. घर जुनं होणं हे भाडेकरूचं देणं नाही.

आपल्या किनाऱ्यावर हा फरक नीट समजून घ्यावा लागतो. जुलैत सागवानी दार फुगतं आणि चौकटीत अडकतं. जांभ्याच्या भिंतीला ओल येते, कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके उठतात, खिडकीचे गज आणि बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने गंजतात. याचे पैसे भाडेकरूकडून घेणं अन्याय आहे, तो नसता तरी हे झालंच असतं. उलट पंप पाणी ओढत नसताना तो तासभर चालू ठेवून मोटर जाळली, बेसिन फोडलं, भिंतीत विचारल्याशिवाय मोठी भोकं पाडली, तर ते त्याच्या नावावर. पण कारागिराची पावती ठेवा. "अंदाजे पाच हजार" असं म्हणून काही कापू नका.

रंगाचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. चार महिन्यांत गेलेल्या माणसाकडून पूर्ण घराचा रंग मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचा करार नोटरी केलेला आहे, रजिस्टर केलेला नाही. काही बिघडतं का?

बिघडतं, आणि बिघडतं ते मालकाचंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. तो म्हणाला, "लॉक-इन ठरलंच नव्हतं," की ओझं तुमच्या डोक्यावर. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

खर्च खरं तर किरकोळ आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात करार अकरा महिन्यांचा धरला तर ते अडीचशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. आता ई-रजिस्ट्रेशनमुळे आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या काम होतं, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही.

नोंदणी राहिलीच असेल तर निघणाऱ्या भाडेकरूशी ताणू नका. समजुतीने हिशेब मिटवा आणि पुढच्या वेळी चूक सुधारा.

भाडेकरू सरकारी नोकरीत आहे, बदली झाली. त्याच्याकडून लॉक-इनचे पैसे घ्यावेत का?

करारात बदलीची सवलत लिहिलेली नसेल तर कागदावर त्याची जबाबदारी उरतेच. पण सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये करायच्या, हे राज्याच्या २००५च्या बदल्यांच्या कायद्यातच आहे. तहसीलमधला कर्मचारी असो की तालुक्याला आलेला कृषी अधिकारी, त्याच्या घरी मे महिन्यात आदेश येऊ शकतो हे आपल्यालाही आधीपासून माहीत असतं. मी अशा भाडेकरूंच्या करारात लिहूनच ठेवते: बदलीचा आदेश दाखवला तर लॉक-इन लागू नाही, फक्त पंधरा दिवसांचं भाडं. त्या बदल्यात तो जागी येणाऱ्या सहकाऱ्याला घर दाखवतो. जूनमध्ये कॉलेजं सुरू होताना मागणी असतेच. दापोलीत कृषी विद्यापीठाच्या आसपास किंवा रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालयाजवळ घर असेल, तर ते फार काळ रिकामं राहू नये.

घर कंपनीने आपल्या माणसासाठी घेतलं होतं. माणूस निघून गेला. पैसे कुणाकडे मागायचे?

करारावर ज्याची सही, त्याच्याकडे. लोटे-परशुरामच्या कारखान्यांसाठी किंवा महामार्गाच्या कामासाठी आलेल्या ठेकेदारांसाठी चिपळूण-खेडला असे करार खूप होतात. सही कंपनीची असेल तर राहणाऱ्या इंजिनिअरला फोन करून उपयोग नाही. कंपनीच्या करारातल्या पत्त्यावर लेखी कळवा. ताबा घेतानाही कंपनीचं पत्र असलेल्या माणसाकडूनच घ्या. तसं पत्र नसताना घेतलेला ताबा पुढे वादाचं मूळ होतो.

पावसात घर गळत होतं म्हणून तो गेला. तरी लॉक-इन लागू?

प्रामाणिकपणे स्वतःला विचारा: त्याने सांगितलं होतं का, आणि तुम्ही काही केलं का? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४मध्ये घर नीट दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. मे महिन्यात कौलं शाकारायची राहिली, जूनच्या पहिल्या आठवड्यात माजघरात बादल्या लावायची वेळ आली आणि चार निरोप देऊनही कुणी आलं नाही, तर जाणाऱ्याला दोष देता येणार नाही. अशा वेळी लॉक-इन विसरा, डिपॉझिट द्या आणि कौलं बघा.

पूर आणि वादळ हा तर वेगळाच विषय. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये तळमजले पाण्याखाली गेले. त्याआधी ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडवली. घर राहण्यासारखंच उरलं नसेल तर लायसन्स संपतं, हे सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६२मध्येही आहे. चिखल भरलेल्या घराचं भाडं कुणी मागू नये.

ताबा घेताना काय काय बघायचं?

ही माझी सगळ्यात जिव्हाळ्याची बाब आहे, कारण इथेच मी स्वतः फसले. काही वर्षांपूर्वी एका भाडेकरूने मेसेज टाकला, "चावी पडवीतल्या कुंडीखाली ठेवली आहे, निघालो." मी "ओके" लिहिलं. तीन महिन्यांनी तो म्हणाला की घरात त्याचा मिक्सर आणि दोन पंखे राहिले होते, ते द्या नाहीतर पैसे द्या. माझ्याकडे ना यादी, ना फोटो, ना सही. शेवटी मला पैसे द्यावे लागले.

तेव्हापासून ताबा दिवसाउजेडी, दोघं समोर असताना आणि सामान पूर्ण बाहेर गेल्यावरच घेते. ओटीपासून मागीलदारापर्यंत एकत्र फिरायचं. प्रत्येक नळ सोडून बघायचा, फ्लश ओढायचा, प्रत्येक बटण दाबायचं. गॅसची नळी काढली का ते बघायचं. पंप सुरू करून टाकीत पाणी पडेपर्यंत थांबायचं. विहिरीवरचा रहाट, दोर आणि झाकण पाहायचं. चाव्या मोजायच्या: पुढचं दार, मागचं दार, पंपाची खोली, गेट. हे सगळं फिरताना फोनवर व्हिडिओ चालू ठेवायचा. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो घ्यायचा.

मग तिथेच बसून ताबा पावती लिहायची. साध्या कागदावर चालते. अमुक तारखेला, अमुक वाजता, इतक्या चाव्यांसह रिकामा ताबा मिळाला. भाडेकरूचं कोणतंही सामान घरात राहिलेलं नाही. अमुक तारखेचा नोंदणीकृत करार आजपासून दोघांच्या संमतीने संपला. डिपॉझिट इतकं, वजावट इतकी, परत दिले इतके. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, दोन प्रती. पैसे ऑनलाइन पाठवले तर व्यवहार क्रमांक लिहायचा. रोख घेतले-दिले तर पावती हवीच. भाड्याची पावती देणं मालकावर भाडे नियंत्रण कायद्यानेही बंधनकारक आहे, कलम ३१.

हिशेब पूर्ण झाला असेल तर डिपॉझिट त्याच दिवशी परत करा. वीजबिल यायचं असेल तर मीटरच्या आकड्यावरून अंदाज काढून तेवढीच रक्कम मागे ठेवा. महावितरणचं बिल पुढच्या महिन्यात येणार म्हणून अख्खं डिपॉझिट अडवून ठेवणं हा भांडणाला आवतण देणारा प्रकार आहे.

कुलूप लावून गायब झालाय, फोन बंद. आत सामान आहे. कुलूप तोडू का?

थांबा. त्याचं भाडं चालू असेल, किंवा तो सुट्टीला गेला असण्याची शक्यता असेल, तर हात लावू नका. घरात चोरी झाली असं म्हणून तो तुमच्यावरच तक्रार करू शकतो.

भाडं थकलं आहे आणि खरोखरच सोडून गेल्यासारखं दिसतंय, तर लेखी नोटीस पाठवा. करारातला पत्ता, आधारवरचा गावचा पत्ता आणि व्हॉट्सअ‍ॅप, तिन्हीकडे. पोस्टाने पाठवल्याची पोच जपा. लायसन्स रद्द झालं तरी सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क त्याला आहे (सुविधाधिकार कायदा, कलम ६३), म्हणून मी किमान पंधरा दिवस देते. पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. ते "हा दिवाणी मामला आहे" म्हणतील. म्हणू द्या, तुम्हाला त्या अर्जाची पोच हवी आहे. मग वकिलांचा सल्ला घेऊन, गावात असाल तर पोलीस पाटील किंवा सरपंच, शहरात असाल तर सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यासमोर उघडा. आत शिरण्याआधीपासून व्हिडिओ, वस्तूंची यादी, पंचांच्या सह्या. सामान एका खोलीत नीट ठेवून कुलूप लावा. विकू नका, वापरू नका, कुणाला देऊन टाकू नका. सामान बरंच आणि मोलाचं असेल तर स्वतः काहीच न करता कोर्टाचा आदेश घ्यावा.

तो पैसे न देता नुसता टाळतोय. वीज-पाणी तोडलं तर वठणीवर येईल?

नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आवश्यक सेवा तोडायला मनाई करतं. घरात तान्हं मूल असताना पंपाचं बटण बंद केलेलं मी पाहिलं आहे. तसं कुणी करू नये, कायदा नसता तरी करू नये.

मी ठाण्याला असतो. घर गुहागरला. हे सगळं कोण करणार?

शेजारच्या काकू चावी सांभाळतात म्हणून त्यांच्या गळ्यात हे घालू नका. त्यांना भाडेकरूशी वाईटपणा घ्यायला लावणं बरं नाही. जवळच्या एका माणसाला लेखी अधिकारपत्र द्या: ताबा घेणे, पावतीवर सही करणे, मीटर बघणे. पैशांचा निर्णय तुम्ही फोनवर घ्या. आणि ताब्याच्या दिवशी शक्य असेल तर रात्रीच्या गाडीने स्वतःच या.

भाडेकरू म्हणतो, "माझ्या जागी मित्राला आणून देतो." चालेल?

चांगला मार्ग आहे, रिकामे दिवस वाचतात. पण जुन्याच करारावर मित्राला राहू देऊ नका. जुन्याची ताबा पावती, नव्याचा नवा नोंदणीकृत करार, नवं डिपॉझिट आणि पोलीस ठाण्यात नव्याची माहिती. जुना गेल्याचंही पोलिसांना कळवा, नाहीतर त्यांच्या दप्तरी तो तुमच्याच पत्त्यावर राहतो.

डिपॉझिट संपलं, तरी त्याच्याकडून येणं बाकी आहे.

थकीत भाड्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षं आहे, तेव्हा घाई नको पण विसरूही नका. आधी वकिलांची नोटीस. भाड्याचा चेक परत आला असेल तर मात्र वेळ मोजून चाला: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला त्याला १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात कोर्टात तक्रार.

दहा-वीस हजारांसाठी मी लोकअदालत सुचवते. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. दावा दाखल व्हायच्या आधीही तिथे अर्ज करता येतो, कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली की ती हुकूमनाम्यासारखी लागू होते, त्यावर अपील नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुरावा म्हणून द्यायचे असतील तर फोन बदलताना ते उडू देऊ नका. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतात.

मे अखेर घर रिकामं झालं आणि पावसाळाभर कुणी मिळालं नाही तर?

भाडं पाचशे-हजाराने कमी करा, पण माणूस ठेवा. आपल्याकडे बंद घराला पाऊस लवकर खातो. तेही जमलं नाही तर आठवड्यातून एकदा कुणाला तरी पैसे देऊन घर उघडायला लावा: खिडक्या उघडून दुपारभर वारं, पंप पाच मिनिटं, कपाटांची दारं सताड, कोपऱ्यात वाळवीची माती दिसली तर लगेच फोन. मेन स्विच काम झाल्यावर बंद. गटाराच्या तोंडावरचा पालापाचोळा दर खेपेला काढायचा, नाहीतर पाणी उंबऱ्याच्या आत येतं.